मेंढक्याला शीळ येत नाही

मुळशी
ता. २२ नोव्हेंबर १९५९

जयसिंगा,

रामराम. लग्न होऊन सहा महिने झाले आणि पहिलं पत्र आत्ता लिहितो आहे, तेव्हा मनातल्या मनात काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. निघताना तू म्हणाला होतास, "सिद्ध्या, आयता संसार मिळाला." मामांची एकुलती एक मुलगी सुंदरा, साठ मेंढरं, चाळीस शेळ्या आणि मी घरजावई. सगळं खरं. पण एक गोष्ट माझ्या घशात अडकली आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही.

मला शीळ घालता येत नाही.

हसून झालं असेल तर पुढं वाच. मामांनी मला का आणलं ते तुला ठाऊक नाही. दोन वर्षांमागं एडक्यानं धडक दिली आणि मामांचे पुढचे दात गेले. दातांबरोबर शीळही गेली. आता तोंडातून नुसती हवा निघते. आमच्या कळपाला एकच शीळ कळते, मामांची. दोन लांब आणि एक तोकडी. डोंगरावर वारा असा असतो की नुसती हाक चार वावरं ओलांडत नाही. शीळ घातली की धरणाच्या पाण्यापर्यंत गेलेलं मेंढरूही मान वर करतं. म्हणून मामांना दात असलेला माणूस हवा होता.

सोयरीक ठरताना त्यांनी सगळं विचारलं. लोकर कातरता येते का, ओढ्यातून जनावर खांद्यावर नेता येतं का, पाय दुखतात का. शीळ येते का, असं कुणी विचारलं नाही. जेवता येतं का, असं तरी कोण विचारतं? आबांनी मला पौडच्या शाळेत घातलं आणि मेंढरं भावांनी राखली, हे सगळे विसरून गेले. शाळेत गुरुजींची पाठ फिरली की तुम्ही सगळे शीळ घालायचात. मी नव्हतो असं मी सांगायचो, आणि सगळ्यात जास्त मार मलाच बसायचा.

अजून मामा कळपाबरोबर येतात आणि दगड मारून, धावून निभावतात. पण त्यांचे गुडघे बोलायला लागले आहेत. पुढच्या आठवड्यापासून मी एकटा. काहीतरी युक्ती सांग.

तुझा
सिद्धू


पुणे
ता. ३ डिसेंबर १९५९

सिद्धोबा महाराज,

तुझं पत्र छापखान्यात वाचलं आणि शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांची अख्खी पेटी हातातून सांडली. ती निवडायला दीड तास गेला. मालकांनी मला जे ऐकवलं त्यातला अर्धा वाटा तुझा.

अरे, यात आहे काय? मालकांची मुलगी जया सहा वर्षांची आहे, ती जिना उतरताना घालते. नीट वाच आणि तसं कर. खालचा ओठ दातांवर ओढून घे. जिभेचं टोक मागं दुमड. दोन बोटं दुमडीवर टेकव, ओठ घट्ट आवळ आणि फुंक. पहिले दोन दिवस थुंकी येईल, तिसऱ्या दिवशी आवाज येईल. न आल्यास चौथ्या दिवशी पुन्हा थुंकी.

तेवढाही धीर नसेल तर सोबत पत्र्याची शिट्टी पाठवतो आहे. मंडईच्या मागं मिळाली, जत्रेतली नाही, चांगली खणखणीत आहे. गळ्यात बांध आणि मजा कर.

वहिनींना नमस्कार.

जयसिंग


मुळशी
ता. २९ डिसेंबर १९५९

जयसिंगा,

तुझी शिट्टी धरणाच्या पाण्यात टाकली. मागू नकोस.

आधी तुझी विद्या करून पाहिली. आठ दिवस बोटं तोंडात घालून ओठ फुटले. फुंकलं की फुस्स होतं, आणि आमची एक चांदी शेळी, कपाळावर पांढरं असलेली, चरायची थांबून माझ्याकडं अशी बघते की मीच मान फिरवतो. मग शिट्टी काढली. कळप उतारावर होता. मी जीव लावून फुंकली. मेंढरांनी असला आवाज जन्मात ऐकला नव्हता. सगळी उधळली. एका मेंढीचा पुढचा पाय मोडला. वर सरपण तोडणाऱ्या बायका होत्या, त्यांना वाटलं जंगलखात्याचा माणूस आला. मोळ्या टाकून पळाल्या. एका मोळीत कोयता राहिला होता, तो मी संध्याकाळी घरोघर विचारत परत केला.

कळप मात्र गोळा होईना. मी घसा फोडून ओरडत होतो. तेवढ्यात सुंदरा भाकरी घेऊन वर आली. तिनं सगळं बघितलं. हसली नाही, हे तिचं माझ्यावर कर्ज. पाटी खाली ठेवली, कारवीच्या दाटीत शिरली, आणि आतून शीळ आली. दोन लांब, एक तोकडी. हुबेहूब मामांची. साठ मेंढरं आणि चाळीस शेळ्या माना उचलून खाली यायला लागल्या.

मी म्हटलं, "तुला येते?"

"तुमी बोटं त्वांडात घालून हुबं ऱ्हावा," आतून आवाज आला. "बाकीचं मी बगते."

"आणि कुणी बघितलं तर?"

"लोकं तुमाला बगतील. मला कोन बगतंय?"

तेव्हापासून रोज असं चाललं आहे. ती भाकरी घेऊन येते आणि संध्याकाळपर्यंत झाडीत बसते. मी बांधावर उभा राहून गाल फुगवतो. परवा खालून हैबतराव जात होते, गावातले मोठे शेतकरी. त्यांनी वर बघून हात केला, म्हणाले, "वा रं पठ्ठ्या, सासऱ्याच्या वरताण!" मी लाजून मान डोलावली. लाज खरीच होती.

पण जयसिंगा, ही गोष्ट कुणाजवळ बोलू नकोस. इकडं बाईनं शीळ घालणं फार वाईट मानतात. गाभण जनावर गाभडतं म्हणतात. बाहेर कळलं तर आमच्या कळपाला कुणी वावरात बसू देणार नाही, आणि सुंदराला गावात तोंड दाखवता येणार नाही.

सिद्धू


पुणे
ता. १७ जानेवारी १९६०

सिद्धोबा,

तू मुका नट आणि वहिनी पडद्यामागं! लोक तिकीट काढून येतील.

आता कामाचं. आमच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची एक जागा रिकामी होते आहे. मालकांना शुद्ध वाचणारा माणूस हवा. मी तुझं नाव घातलं. शाळेत तू उलटी पाटीसुद्धा भराभर वाचायचास, ते सांगितलं. (तुझी शिळेची गोष्टही सांगितली, कारण त्याशिवाय तू कसा माणूस आहेस ते कळत नाही. अख्खा छापखाना हसला. रागावू नकोस, पुण्यात तुला कोण ओळखतं?) माझ्या खोलीत दोन माणसांची सोय आहे. वहिनींनाही आण.

डोंगरावर गाल फुगवत उभं राहण्यासाठी तू सातवीला तालुक्यात दुसरा आला नव्हतास. कळव.

जयसिंग


मुळशी
ता. १९ फेब्रुवारी १९६०

जयसिंगा,

गोष्ट सांगितलीस ते मला आवडलं नाही. लिहून टाकलं, आता विसरतो.

जागेचं वाचल्यापासून मला झोप नाही. कोंडाजीच्या दुकानात पुडी बांधून आलेले वर्तमानपत्राचे तुकडे मी गोळा करून वाचतो, अर्धी बातमी इथं आणि अर्धी कुणाच्या घरी मिठाच्या पुडीवर. दिवसभर अक्षरांत हात घालायला मिळेल, हे वाचून माझे हात शिवशिवले. खरं सांगतो, मला यायचं आहे.

पण येऊ कसा? मला शीळ येत नाही म्हणून मी जातो, असं मामांना सांगितलं तर ते विचारणार, मग तीन महिने कोण घालत होतं? त्याला उत्तर एकच आहे. आणि नेमकी याच महिन्यात हैबतरावांची म्हैस गाभडली. आमचा कळप तेव्हा त्यांच्याच वावरात बसला होता. मेंढरं रात्री वावरात बसली की लेंडीखत मिळतं, त्याबद्दल शेतकरी आम्हाला भात देतात. वर्षाचं पोट त्यावर आहे.

सुंदराला आठवा महिना लागला आहे. तरी रोज डोंगर चढते. मी तिच्याशिवाय पौडच्या बाजारालाही जाऊ शकत नाही आणि ती माझ्याशिवाय मावशीच्या घरच्या लग्नालाही जाऊ शकली नाही. एका दाव्याला दोन जनावरं बांधावीत तसं झालं आहे. एकानं मान वळवली की दुसऱ्याला काचतं.

तिला विचारलं, "पुण्याला यायचं का?"

"तितं मी काय करू?"

"इथं तरी काय करतेस? काट्यांत बसतेस."

ती म्हणाली, "हितं मी हाक मारली की शंबर जनावरं येत्यात."

जयसिंगा, शीळ घालताना तिचं तोंड मी एकदा फांद्यांतून बघितलं आहे. घरात ती खाली मान घालून वावरते. तिथं तिचा चेहरा वेगळाच असतो. ते बघितल्यापासून माझं जाणं आणखी अवघड झालं. मालकांना थोडं थांबायला सांग. मी काहीतरी करतो. काय ते मला ठाऊक नाही.

सिद्धू


(कार्ड)
पुणे
ता. १२ मार्च १९६०

सिद्धूस,

मालक पाडव्यानंतर पंधरा दिवस थांबतील, पुढं नाही. आणखी विचार करू नकोस. इथं शीळ घालावी लागत नाही आणि बायकोला झुडपात बसवावं लागत नाही. मुकाट्यानं एस.टी.त बस. घाईत लिहितो.

जयसिंग


मुळशी
ता. १९ मार्च १९६०

जयसिंग,

कार्ड? तुला पाकीट मिळालं नाही?

तू कोळवणचा. आमच्याकडं टपाल कसं येतं ते तुला कुणी सांगायला हवं होतं का? नथू डाकवाला डोंगर चढत नाही. कोंडाजीच्या दुकानाच्या पायरीवर बसतो, वर राहणाऱ्यांची कार्डं मोठ्यानं वाचतो, आणि जो कुणी वर जाणार असेल त्याच्याकडं निरोप देतो. लोकांना त्यात वावगं वाटत नाही. निम्म्या गावाला वाचता येत नाही, तेव्हा नथू वाचतो ते सगळ्यांचंच. त्या दिवशी पायरीवर मामाच बसले होते. जावयाचं कार्ड म्हणून नथूनं आणखी हौसेनं वाचलं.

शीळ घालावी लागत नाही, इथवर लोक हसले. बायकोला झुडपात बसवावं लागत नाही, यावर हसायचे थांबले.

मामा घरी आले आणि थेट वाड्यात जाऊन मेंढरं मोजत बसले. तिसऱ्या दिवशी हैबतराव आले. ओट्यावर बसले, पाणी घेतलं नाही. म्हणाले, "बिरू, मी तुझ्या लेकीला काय बोलत न्हाई. पर माझी म्हस गाभाडली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा जावई माझ्या वावरात हुबा ऱ्हाऊन चार मान्सांम्होरं कळप वळवंल. वळवला तर कार्डवाला खोटा. न्हाईतर माझ्या वावरात मेंढरं बसायची न्हाईत, आन् मी न्हाई म्हनलं की बाकी कोन व्हय म्हनतंय ते बग."

मामा म्हणाले, "वळवंल की."

सुंदराचे दिवस भरत आले आहेत. अंबामामी, म्हणजे तिची आई, तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. मी काल दिवसभर पाण्याच्या काठाला बसून पुन्हा बोटं तोंडात घातली. फुस्स.

तुझ्यावर रागावण्याइतकीही ताकद नाही.

सिद्धू


पुणे
ता. २४ मार्च १९६०

सिद्धू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. माझ्या हातून फार वाईट झालं. घाईत होतो हे खोटं आहे. कार्ड खिशात होतं म्हणून कार्डावर लिहिलं, एवढाच विचार केला.

आणखी एक खोटं कबूल करतो. तुझं भलं व्हावं म्हणूनच मी मागं लागलो नव्हतो. चार वर्षं या खोलीत एकटा भाकऱ्या थापतो आहे. तू आलास तर बोलायला कुणी मिळेल, असा माझा स्वार्थ होता.

आता एकच सांगतो, आणि हे पाकिटातून. त्या वावरात उभा राहू नकोस. आदल्या दिवशीच मामांना खरं सांग. म्हण की मला येत नाही, कळप रोज हाका मारून, धावून वळवत होतो, झुडपाचं जयसिंगनं थट्टेनं लिहिलं. सगळा दोष माझ्यावर घाल. गावात मला यायला तोंड नसलं तरी चालेल. मग तू मोकळा. बाळंतपण झालं की दोघं, तिघं या. मी मालकांच्या पाया पडून जागा धरून ठेवतो.

जयसिंग


मुळशी
ता. ५ एप्रिल १९६०

जयसिंगा,

तुझं पाकीट पाडव्याला मिळालं. तू म्हणालास तेच केलं. दिवस मावळताना मामा वाघूर दुरुस्त करत बसले होते, मेंढरांभोवती लावतात ती जाळी. मी समोर बसलो आणि म्हटलं, "मामा, मला शीळ येत नाही."

त्यांनी गाठ पुरी केली. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"पयल्या आठवड्यापासनं. तिला शीळ म्या शिकावली. सात वर्साची व्हती, ल्योक न्हाई म्हनून शिकावली. माझी शीळ मी वळखनार न्हाई व्हय?"

मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "मग मला ठेवून का घेतलंत? मी पुण्याला जातो. मला तिथं काम आहे."

"जा की," मामा म्हणाले. "कोन धरतंय? पर तू गेलास की तिचं त्वांड बंद. बाईला शीळ घालाया म्होरं बाप्या हुबा पायजे. माझं दात गेलं तवा दोन वर्सं ती गप व्हती. कळप बगायची आन् ओठ आवळायची. म्या बगितलंय ते." मग जाळी झटकली. "तुला शीळ यावी म्हनून न्हाई ठिवला, बाबा. हुबा ऱ्हातोस म्हनून ठिवलाय."

मी जाळीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मामांनी हैबतरावांच्या वावरातल्या पेंढ्याच्या गंजीत मागून खळगा केला आणि सुंदराला आत बसवलं. मामी रडत होती. सुंदरा नाही. ऊन वर आल्यावर हैबतराव, कोंडाजी, नथू आणि आणखी चौघं आले. कळप ओढ्यापलीकडं माळावर होता. गंजीपासून दहा पावलांवर, तिच्याकडं पाठ करून मी उभा राहिलो आणि बोटं तोंडात घातली.

पहिली लांब आली. पलीकडं माना वर झाल्या. दुसरी लांब आली. कळप उतरून ओढ्याच्या काठाला थांबला. तिसऱ्या तोकड्या शिळेवर तो पाण्यात उतरतो.

तिसरी आली नाही.

मी गाल फुगवून उभा. मागून पेंढा सळसळल्यासारखं झालं आणि त्यात एक आवाज होता, तो शिळेचा नव्हता. जयसिंगा, मला कळलं. बाकी कुणाला कळलं नाही, कारण त्यांची बायको तिथं नव्हती. मी मान वळवली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. मी वळवली नाही. हैबतराव म्हणाले, "का रं, काय झालं?" मामा म्हणाले, "दम तरी घिऊ द्या की त्याला." मी ओढ्याकडं बघत होतो आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. लोकांना वाटलं असेल, फुंकून फुंकून आलं.

मग तिसरी आली. बारीक होती, पण आली. कळप पाण्यात उतरला.

हैबतरावांनी माझी पाठ थोपटली. मामांनी त्यांच्यासमोर आपली काठी माझ्या हातात दिली, म्हणजे कळप आता माझा. तिथंच बांधावर बसून सगळ्यांनी तंबाखू मळली. नथू कुणाचं तरी कार्ड आठवून सांगत होता. मी मान डोलावत होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. ते उठून गेले तेव्हा मी गंजीकडं धावलो. तिनं पदर दातांत धरला होता आणि तो फाटला होता.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बरं झालं, मागं बगितलं न्हाई."

हे तिनं कौतुकानं म्हटलं. तेच मला सहन होत नाही.

त्याच दिवशी दुपारी मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत.

आता पुढचं ऐक. बारा दिवस सुंदराला बाहेर पडता येत नाही, म्हणजे बारा दिवस शीळ नाही. लोक विचारणार. मामांनी गावात सांगितलं की त्या दिवशी जोर लागून जावयाचा जबडा धरला आहे. म्हणून मी डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधून ओट्यावरच्या घोंगडीवर पडलेला असतो. आत बाळंतीण, बाहेर मी. मामा गुडघे ओढत कळप जवळच्या वावरात फिरवतात. येणारा जाणारा माझी चौकशी करतो, मी कण्हतो. हैबतरावांनी सुंठ उगाळून लेप पाठवला. फार भाजतो, पण त्यांचा माणूस समोर बसून लावतो.

आज सातवा दिवस. बाराव्या दिवशी बारसं, आणि तेराव्या दिवशी ती पुन्हा कारवीत बसायची म्हणते. मुलीला पाठीशी बांधून.

जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांग. मालकांना माझ्यातर्फे माफ करा म्हण. मला यायचं होतं. मामांनी मला धरलेलं नाही, तिनंही नाही. एस.टी. रोज खाली येऊन उभी राहते आणि मी तिचा आवाज ऐकतो. पण मी गेलो तर सुंदरा ओठ आवळून बसेल, आणि ते मला बघवणार नाही. एवढंच आहे. यातून बाहेर पडायची वाट मला दिसत नाही, आणि दिसली तरी मी जाईन असं वाटत नाही.

खाली कुणीतरी खाकरलं. वरच येतंय. फडकं सोडून लिहीत बसलो होतो, आता बांधायला हवं.

सिद्धू